पालुपद उरले, चरण हरपले

पाश्चात्त्य सुगम गीतांविषयी आपल्या मंडळींत बहुधा दोनच मते ऐकू येतात. ती सारी उथळ गोंगाट होत, हे एक. आणि काळाबरोबर चालावयाचे तर त्यांस नावे ठेवू नयेत, हे दुसरे. दोन्ही मतांत गाणे प्रत्यक्ष ऐकण्याचे श्रम वाचतात, म्हणूनच ती टिकून असावीत. टिकटॉक, इन्स्टाग्राम यांसारख्या समाजमाध्यमांवरील अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या चित्रफितींतून गेल्या काही वर्षांत कितीतरी इंग्रजी गाणी जगभर पसरली. टिकटॉकवर आपल्या देशात जून २०२० मध्ये बंदी आली, पण पुढल्याच महिन्यात इन्स्टाग्रामची ‘रील’ आली आणि गाण्यांची वाट काही अडली नाही. यांपैकी तीन गाण्यांचा, निदान गाणी म्हणून, विचार करावा असे वाटते.

पहिले ‘वेलरमन’. स्कॉटलंडमध्ये टपाल वाटण्याचे काम करणाऱ्या नेथन इव्हान्स या तरुणाने डिसेंबर २०२० च्या अखेरीस ते कोणत्याही वाद्याविना, केवळ मुठीने ठेका धरून गाइले. टिकटॉकवर दुसऱ्याच्या चित्रफितीशेजारी आपली चित्रफीत जोडून त्याच्या स्वरात आपला स्वर मिळविण्याची सोय आहे. त्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये महामारीमुळे माणसे घरोघरी कोंडलेली होती. कोणी खर्जातला आवाज दिला, कोणी वरची पट्टी धरली, कोणी सारंगीच्या जातीचे वाद्य आणले. आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्यांचा एक मेळ उभा राहिला. गाणे मात्र नवे नव्हते. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर देवमाशांची शिकार करणाऱ्या लोकांचे ते जुने गीत. नील कहून या संग्राहकाने ते १९७३ च्या आपल्या लोकगीतसंग्रहात छापले. वेलर बंधूंनी १८३१ साली ओटागो येथे शिकारीचे ठाणे वसविले होते. अशा ठाण्यांवर मजुरांस रोख वेतनाऐवजी कपडे, दारू, तंबाखू मिळे. रसद घेऊन वेलरांचा माणूस कधी येईल, याची प्रतीक्षा हेच त्या गीताचे पालुपद. चरणांत मात्र निराळीच कथा आहे: देवमाशाला भाला लागला आहे, दोर तुटत नाही, कप्तान तो कापू देत नाही, आणि दिवसांमागून दिवस हे जहाज त्या जनावरामागे फरफटत चालले आहे.

आता आपल्या अनुभवाकडे वळू. गोव्यात चतुर्थीला घुमट-शामेळाच्या साथीने आरती उभी राहते, तेव्हा चरण म्हणणारे थोडे असतात आणि पालुपद सगळ्यांचे असते. भजनातही तेच. परंतु पालुपद दर वेळी तेच असून तेच नसते. मधल्या चरणात काही घडलेले असते, आणि त्याचे ओझे घेऊन ते परतते. पाचव्यांदा म्हटलेल्या पालुपदात पहिल्यांदा नसलेले काहीतरी मिसळलेले असते. ‘वेलरमन’ची बांधणी याच जातीची आहे. पहिल्या चरणानंतर रसदीची वाट पाहणे साधे वाटते. जहाजाच्या होड्या बुडाल्यावर तेच शब्द केविलवाणे होतात. चित्रफितीवर पसरला तो पहिला चरण आणि पालुपद. तरीही पुष्कळ श्रोते तेथून पूर्ण गीताकडे गेले असावेत, कारण त्यांना त्यात आपला आवाज मिसळता आला. मार्च २०२१ मध्ये हे गीत ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी पोचले ते नाचाच्या ठेक्यात बसविलेल्या आवृत्तीच्या बळावर. ती आवृत्ती आम्हास रुचली नाही. मुठीच्या ठेक्यात माणसांचे श्रम ऐकू येत होते, ते यंत्राच्या ठेक्याने बुजवून टाकले.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आपल्या गवयांनीही तासाभराचा ख्याल तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसविला नव्हता काय? केरी गावच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांचीच, आणि १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांतून अंतराळात गेली ती तीच. मग अल्पतेला दोष का? आमचा दोष अल्पतेला नाहीच. केसरबाईंना सुई कोठे उचलली जाणार हे ठाऊक होते. त्या मर्यादेत आरंभ, भर आणि विसावा कसा साधावा, याचा निर्णय त्यांच्या गळ्याने केला. चित्रफितीवर कात्री परक्याच्या हाती असते. गायकाने ज्या ओळीसाठी दोन मिनिटे तयारी केली, तीच तेवढी उचलली जाते आणि तयारी फेकून दिली जाते.

या माध्यमासाठीच जणू घडलेले गाणे म्हणजे लिल नास एक्स या अमेरिकन गायकाचे ‘ओल्ड टाउन रोड’. डिसेंबर २०१८ मध्ये ते आले. त्याची लांबी अवघी १ मिनिट ५३ सेकंद. त्याचा पाया एका डच तरुणाने रचलेला, ३० डॉलरला घेतलेला, आणि त्यातील तंतुवाद्याची झंकार ‘नाइन इंच नेल्स’ या वाद्यवृंदाच्या २००८ च्या रचनेतून उचललेली. ताल कोसळताच साध्या वेशातला माणूस क्षणात घोडेस्वार गुराखी होतो, अशा चित्रफितींचे पेव फुटले. मार्च २०१९ मध्ये ‘बिलबोर्ड’ने ते ग्रामीण ढंगाचे पुरेसे नाही म्हणून त्या यादीतून वगळले, पुढे बिली रे सायरस या जुन्या गायकाची साथ मिळालेली आवृत्ती निघाली आणि ते मुख्य यादीत १९ आठवडे पहिले राहिले. उसनवारीबद्दल त्यास दूषण देणे आपणास शोभणार नाही. ‘सौभद्रा’च्या पदांना अण्णासाहेब किर्लोस्करांनी कानडी रंगभूमीवरच्या चाली घेतल्याच होत्या. गाणे लहान आहे आणि लहान राहण्यात त्याला संकोच नाही. पण ते दहादा ऐकल्यावर अकराव्यांदा नवे काही हाती लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. पोशाख बदलला की त्याचे काम संपते.

तिसऱ्या गाण्याने मात्र मन अस्वस्थ होते. कॉनी फ्रान्सिस या अमेरिकन गायिकेचे ‘प्रिटी लिटल बेबी’ १९६२ साली प्रसिद्ध झाले, ते इतर गाण्यांच्या सोबतीला. तिच्या गाजलेल्या गीतांत त्याची गणना कधी झाली नाही. २०२५ च्या वसंतात ते एकाएकी कोट्यवधींच्या कानी गेले. कोणी तान्ह्या मुलाला, कोणी मांजराला पुढे धरून त्यावर ओठ हलवू लागले. हे गाणे आपण गायलो होतो हेच आपल्याला आठवत नव्हते, असे तिने सांगितले. आणि १६ जुलै २०२५ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी ती निवर्तली. तिच्या आवाजात कोवळेपणा आहे, पण तो बेसावध नाही. शब्दाच्या अखेरीस ती स्वर किंचित मागे ओढते, त्यात तिची खरी कारागिरी आहे. ओठ हलविणाऱ्याला ती कळण्याचे कारण नाही. ‘वेलरमन’मध्ये लोक गाइले, येथे त्यांनी गाण्याचा केवळ आविर्भाव केला. या दोहोंत आम्हास फार मोठे अंतर दिसते. जुनी गाणी वेग वाढवून, आवाज पिपाणीसारखा करून ऐकविण्याची जी नवी रीत आहे, तिच्याविषयी तर लिहिण्यासारखे काहीच नाही.

हे सारे परदेशातले कौतुक म्हणून दूर ठेवता येईल, असे कोणी समजू नये. आपल्या आरत्या-अभंगांच्याही चित्रफिती आता फिरतात आणि तेथेही कात्री पालुपदाशीच थांबते. भजनाला येणाऱ्या मुलांची पालुपदे खणखणीत असतात. चरण आला की आवाज पुढच्या रांगेतल्या चार वृद्धांचाच उरतो. ज्यांच्या घरी इंग्रजी गाणी गुणगुणली जातात, त्यांनी मुलांकडून ‘वेलरमन’चे सहाही चरण म्हणवून घ्यावेत. शेवटच्या चरणातही देवमासा पकडला गेलेला नाही. दोर ताणलेलाच आहे, आणि वेलरांचा माणूस ठरल्याप्रमाणे रसद घेऊन येतच आहे.