'देवराज' शब्दाचा विग्रह

कंबुज देशाच्या प्राचीन इतिहासावर आपल्याकडे जे लेखन झाले आहे, त्यात 'देवराज' या शब्दाइतकी प्रतिष्ठा दुसऱ्या कोणत्याही शब्दास लाभलेली नाही. ख्मेर राजा स्वतःस देव समजे, त्याच्या देवत्वाची स्थापना पर्वताकार मंदिराच्या माथ्यावर लिंगरूपाने होत असे, आणि मृत्यूनंतर तेच मंदिर त्याची समाधी ठरे, असे हे मत आहे. जॉर्ज सेदेस यांच्या लेखनामुळे ते रूढ झाले व आपल्या पाठ्यपुस्तकांतून ते सिद्धवत् आजही आढळते. मूळ लेख मात्र त्यास पुरेसा आधार देत नाही.

या शब्दाचा मुख्य आधार एकच शिलालेख आहे : शके ९७४ म्हणजे इ. स. १०५२ मधील स्दोक काक थोमचा लेख. हे मंदिर आज थायलंडच्या हद्दीत येते. लेखाच्या एकूण ओळी ३४०. आरंभी सुमारे १३० संस्कृत श्लोक व पुढे ख्मेर गद्य. एका राजपुरोहित घराण्याची अडीचशे वर्षांची हकीकत त्यात आली आहे. दुसऱ्या जयवर्म्याने महेंद्रपर्वतावर, म्हणजे आजच्या फ्नोम कुलेनवर, हिरण्यदाम नावाच्या ब्राह्मणाकडून विधी करविला. हिरण्यदामाने विनाशिख, नयोत्तर, संमोह व शिरश्छेद हे चार ग्रंथ शिवकैवल्य या पुरोहितास पढविले. आणि देवराजाची पूजा त्याच्या घराण्याकडे आली. या घटनेचे वर्ष ८०२ मानण्याचा प्रघात आहे. हे ग्रंथ काल्पनिक नव्हेत. त्यांपैकी पहिला, वीणाशिखतंत्र, खौदरियान यांनी १९८५ साली संपादून प्रसिद्ध केला. तेव्हा या विधीचा भारतीय तंत्रपरंपरेशी संबंध होता, याविषयी वाद नाही. (ते पौरोहित्य मात्र पुत्राकडे न जाता मातृवंशाने चालत राहिले, ही गोष्ट आपले अभ्यासक बहुधा ओझरती पाहून पुढे जातात.)

वाद आहे तो समासाविषयी. 'देवराज' हा षष्ठी तत्पुरुष मानला तर अर्थ 'देवांचा राजा' असा होतो. कर्मधारय मानून राजास प्राधान्य दिले तर 'देव असा राजा'. नुसत्या संस्कृतावरून निर्णय होणार नाही. परंतु त्याच शिळेवर, त्याच हकीकतीच्या ख्मेर भागात हा देव 'कम्रतेङ् जगत् त राज' या नावाने येतो. 'कम्रतेङ् जगत्' म्हणजे जगाचा स्वामी. ही पदवी ख्मेर लेखांत देवतांना लावीत असत. 'त' हा दोन पदे जोडणारा शब्द असून त्याचा अर्थ 'जो … आहे असा'. म्हणजे विशेष्य देव आहे आणि 'राज' हे त्याचे विशेषण. येथे राजा देव झालेला नाही. देशातील अनेक जगत्स्वामींमध्ये जो राजपदी आहे, असा हा देव आहे.

त्याच ख्मेर भागाचा दुसरा पुरावा मला अधिक निर्णायक वाटतो. राजधानी बदलली की हा देव राजाबरोबर नव्या ठिकाणी गेल्याची नोंद त्यात पुनःपुन्हा येते : हरिहरालयास, यशोधरपुरास, चोक गर्ग्यारास. जो देव असा फिरतो तो मूर्तिशास्त्राच्या परिभाषेत चल होय. उलट पहिल्या इंद्रवर्म्याने इ. स. ८८१ मध्ये बकोङ् येथे स्थापिलेले इंद्रेश्वर लिंग अचल होते. त्याच्या नावात राजाचे नाव गोवलेले असले तरी ते राजधानीबरोबर हलले नाही. या दोन्हींना एकच समजणे म्हणजे ग्रामदेवतेची पालखी आणि गाभाऱ्यातील शाळुंका यांत भेद न करणे होय. हेर्मान कुल्के यांनी १९७८ साली देवराज ही देवांचा राजा जो शिव त्याची चल प्रतिमा असावी, असे प्रतिपादिले. क्लोद जाक यांनी तर मूळ संकल्पना ख्मेर व संस्कृत शब्द हा तिचा अनुवाद, अशी भूमिका घेतली. व्याकरणाच्या दृष्टीने मला जाक यांचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते, कारण ख्मेर पदसमूहात षष्ठीचा अर्थ मुळीच नाही.

मग हा अर्थ इतकी वर्षे का निसटला? बार्थ व बेर्गेन्य यांचा १८८५ पासून निघालेला पहिला मोठा संग्रह नावाप्रमाणेच संस्कृत लेखांचा होता. रमेशचंद्र मजुमदार यांच्या १९५३ च्या संग्रहाचा भरही संस्कृतावरच आहे. आपणांस वाचता येईल तेवढेच आपण वाचले, आणि जे वाचले त्यास कंबुजाचा इतिहास म्हटले. सेदेस यांस मात्र ही सबब लागू नाही. ख्मेर पाठांचे संपादन त्यांनी अत्यंत काळजीपूर्वक केले आहे. तरीही अर्थाच्या वेळी पुढारपण त्यांनी संस्कृत शब्दास दिले.

दोन भाषांची अशी वाटणी मराठी अभ्यासकास अपरिचित नसावी. शके ११०९ (इ. स. ११८७) च्या अपरादित्य शिलाहाराच्या परळ येथील लेखात दान संस्कृतात आहे आणि दान मोडणाऱ्यास दिलेला शाप मराठीत. तेथे मराठी ओळी गाळून कोकणाचा इतिहास लिहिण्याचे कोणी मनात आणणार नाही. ख्मेर लेखांचा आरंभ तर याहून पुष्कळ जुना; अंगकोर बोरेईचा सालवार पहिला ख्मेर लेख इ. स. ६११ चा आहे व त्यात देवास वाहिलेल्या माणसांची यादी आहे. सातव्या-आठव्या शतकांतील अशाच नोंदींवरून मायकेल विकरी यांनी १९९८ साली तत्कालीन समाजाचे जे चित्र उभे केले, ते प्रशस्तींतून कधीच उभे राहिले नसते.

अर्थात् संस्कृतात केवळ स्तुती आणि ख्मेरमध्ये केवळ व्यवहार, असा सरसकट नियमही करता येणार नाही. इ. स. ११८६ चा ता प्रोमचा लेख संस्कृत आहे, तरी मंदिरात १२,६४० माणसे, त्यांत ६१५ नर्तकी, तसेच मंदिराच्या सेवेस ३,१४० गावे, असा जमाखर्चच त्यात मांडलेला आहे. राजाचे पावित्र्यही कोणी नाकारीत नाही. अंकोर वाटच्या दक्षिण वीथीत दुसरा सूर्यवर्मा 'परमविष्णुलोक' या नावाने कोरला आहे. पण त्या शिल्पाखालचा मजकूर ख्मेर आहे, आणि त्याच रांगेतील सेनानींची नावे व 'स्याम् कुक्' ही पथकाची ओळखही ख्मेरमध्येच आहे. बायोनच्या दालनांतील लहान लहान लेखही पाहावेत. तेथे ज्या 'कम्रतेङ् जगत्' देवतांची नोंद आहे, त्यांतील कित्येक कंबुजातीलच निरनिराळ्या स्थळांच्या आहेत.