पर्यायी संघचिन्ह: एक श्लेषविचार

क्रीडासंघाच्या प्रधान चिन्हाबरोबर एखादे पर्यायी चिन्हही असावे, ही प्रथा अमेरिकन बेसबॉलमध्ये चांगलीच रुळलेली आहे. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर प्रधान चिन्ह हे नाम होय आणि पर्यायी चिन्ह हे सर्वनाम. सर्वनाम आटोपशीर असते. परंतु ते कोणाविषयी आहे हे श्रोत्यास आधी ठाऊक असावे लागते. पर्यायी चिन्हाची आखणी फसते ती बहुधा याच ठिकाणी. एक तर ते प्रधान चिन्हाची लहान नक्कल होऊन बसते, किंवा त्याच्याशी असलेले नाते तोडून निराळेच चित्र बनते.

मिलवॉकी ब्रुअर्स या संघाचे 'चेंडू व हातमोजा' हे चिन्ह या दृष्टीने अभ्यसनीय आहे. हा संघ 1970 मध्ये सिएटलहून मिलवॉकीस आला. मद्यनिर्मितीबद्दल प्रसिद्ध असलेल्या त्या शहरास साजेसा, पिंपाचे अंग असलेला फलंदाज हे त्याचे आरंभीचे चिन्ह होते. पुढे 1977 मध्ये घेतलेल्या स्पर्धेत टॉम माइंडेल या कलेतिहासाच्या विद्यार्थ्याची आकृती निवडली गेली आणि 1978 पासून ती वापरात आली. तीत 'एम' या अक्षराच्या कमानी म्हणजे हातमोज्याची बोटे, 'बी' म्हणजे अंगठा व तळवा, आणि 'बी'च्या पोटात चेंडू.

आपल्या अलंकारशास्त्राप्रमाणे हा सभंगश्लेषच म्हणावा लागेल. आकृती अखंड पाहिली तर हातमोजा. भंग केला तर शहर व संघ यांची आद्याक्षरे. अक्षराचा ध्वनीशी संबंध यादृच्छिक, चित्राचा वस्तूशी संबंध सादृश्याचा. येथे एकच रेषा हे दोन्ही संबंध वाहते.

1993 च्या हंगामानंतर हे चिन्ह मागे पडले. 2000 मध्ये आलेल्या टोपीवर वळणदार 'एम' व त्याखाली जवाची ओंबी होती. त्या चिन्हात शहर होते, मद्यव्यवसाय होता. खेळ मात्र नव्हता. जुनी आकृती ठराविक सामन्यांच्या गणवेशावर पर्यायी म्हणून परतली, तेव्हा तिने नेमकी हीच उणीव भरून काढली. तिच्या लोकप्रियतेचे श्रेय केवळ स्मरणरंजनास देणे म्हणूनच अपुरे आहे. प्रधान चिन्ह जे अनुक्त ठेवते ते सांगणे, हेच पर्यायी चिन्हाचे खरे कार्य होय.

नोव्हेंबर 2019 मध्ये, संघाच्या पन्नाशीच्या निमित्ताने, हीच आकृती काहीशा फेरफाराने प्रधानपदी बसविण्यात आली. चेंडू मोज्याच्या मध्यभागी आणला गेला. ही सुधारणा योग्यच आहे. 'एम' व 'बी' परस्परांस जोडले गेले. याविषयी मात्र मतभेदास जागा आहे. जोडणीमुळे मोजा अधिक खरा दिसतो, टोपीच्या लहान आकारात आकृती एकसंधही राहते. परंतु ज्या फटीतून वाचकास भंगस्थान सापडत असे, ती फटच बुजते. श्लेष उलगडण्याचा आनंद हा अर्थाचाच भाग असेल, तर ही हानी क्षुल्लक नव्हे.

प्रधानपद मिळताच कामाची वाटणीही बदलली. खेळ आता मुख्य चिन्हच सांगू लागले. तेव्हा मद्यव्यवसायाचा उल्लेख दुय्यम चिन्हाकडे जाणे क्रमप्राप्त होते. नव्या संचातील एका चेंडूवर शिवणीच्या जागी जवाच्या ओंब्या आहेत, त्या याच न्यायाने. सर्वनाम कसे असावे हे नामावरूनच ठरते.