कृत्रिम बहुवारिकांचे विश्लेषण : द्रव वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटविज्ञान – एक चिकित्सा

प्रस्तावना : येरवड्याला लागून वाहणाऱ्या मुळा-मुठेच्या काठावरील प्लास्टिकचा कचरा सर्वपरिचित आहे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. 'विघटनशील' म्हणविल्या जाणाऱ्या पिशवीचा दावा तपासावा कसा, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरला. 'एलसी-एमएस करावे' हे त्याचे सहज सुचणारे उत्तर होय. प्रस्तुत लेखात त्या उत्तराची चिकित्सा केली आहे.

पद्धतीचे सामर्थ्य : बहुवारिकाच्या, अर्थात पॉलिमरच्या, साखळ्या एकाच लांबीच्या नसतात; म्हणून त्याचा रेणुभार ही एक संख्या नसून वितरण असते. आकारनिहाय वर्णलेखनात मोठे रेणू स्तंभातील छिद्रांत शिरू न शकल्याने आधी बाहेर पडतात. तेथे मोजला जातो तो आकार. रेणुभार बहुधा पॉलिस्टायरीनच्या प्रमाणित नमुन्यांशी तुलना करून काढला जातो. द्रव्यमान वर्णपटात मात्र प्रत्येक साखळीचे वस्तुमान, पुनरावर्ती घटक व टोकाचे गट यांचा उलगडा होतो. मोठे रेणू न मोडता आयनित करण्याच्या पद्धतींसाठी फेन व तनाका यांना २००२ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

मर्यादा : जे आयनित होते तेच वर्णपटात दिसते. पॉलिलॅक्टिक आम्लातील एस्टर गटांचा ऑक्सिजन सोडियम आयन धरून ठेवतो. पॉलिएथिलीनमध्ये असा गटच नाही. शिवाय ते नेहमीच्या तापमानाला विरघळत नाही, त्यासाठी ट्रायक्लोरोबेंझीन सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या वर तापवावे लागते. परिणामी मिश्र पिशवीतील पॉलिएस्टर दिसेल व पॉलिएथिलीन निसटेल. वर्णपटातील अनुपस्थिती म्हणजे पिशवीतील अनुपस्थिती नव्हे. तसेच बहुविकिरणता सुमारे १.२ च्या पुढे गेल्यास 'माल्डी' पद्धतीत जड साखळ्यांची नोंद कमी होते.

निष्कर्ष : प्रथम अवरक्त वर्णपट व वितळणबिंदू पाहावा. पॉलिएथिलीन तेथे सहज ओळखू येते आणि ही साधने अनेक महाविद्यालयांच्या आवाक्यात आहेत. त्यानंतरच एलसी-एमएसकडे वळावे. घटक ओळखले म्हणजे विघटन सिद्ध झाले असेही नव्हे. त्यासाठी कंपोस्ट चाचणीच हवी. १९५० पासून पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा कार्यरत आहे. अशा संस्थेकडे अध्यापकांनी केवळ नमुना पाठवू नये. नेमका प्रश्नही सोबत न्यावा.