रुपयाचे चिन्ह : अक्षर आणि संकेत

उत्तम बोधचिन्हाची लक्षणे विचारली असता साधेपणा, वेगळेपणा आणि स्मरणसुलभता ही तीन बहुधा सांगितली जातात. ती अयथार्थ नाहीत. परंतु ती आकृतीपुरतीच आहेत. चिन्ह हे केवळ आकृती नसून संकेतही असते, आणि संकेताचे मूल्य इतर संकेतांशी असलेल्या त्याच्या संबंधांतून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथेही लावून पाहिला पाहिजे. भारतीय रुपयाचे चिन्ह या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलेले हे चिन्ह डी. उदयकुमार यांनी रचिले. देवनागरी 'र' आणि उभा दंड गाळलेला रोमन 'आर' यांचा त्यात संयोग आहे. माथ्यावरील दोन समांतर रेघा राष्ट्रध्वज व समानतेचे चिन्ह सुचवितात, असे अधिकृत स्पष्टीकरण आहे. परंतु स्पष्टीकरण चिन्हाबरोबर प्रवास करीत नाही. पाहणाऱ्यास तेथे ध्वज दिसत नाही. वरची रेघ शिरोरेखा म्हणून ओळखू येते, आणि दोन्ही मिळून येन व युरो यांच्या चिन्हांतील जोडरेघांची आठवण देतात. 'हे चलन आहे' असा बोध होतो तो या साधर्म्यामुळे. रचनेचे खरे यश ध्वजाच्या सूचनेत नसून या कुलसंबंधात आहे.

आक्षेप मात्र निराळ्या ठिकाणी उद्भवतो. रुपयाचे नाव सर्व भारतीय भाषांत 'र'ने सुरू होत नाही. चलनी नोटेवरील भाषासूचीत बंगाली 'टाका', असमिया 'टका' आणि ओडिया 'टंका' अशी नामे आहेत. तमिळमध्ये नाव 'र'चेच. पण तेथे अक्षराचे रूप भिन्न आहे. २०२५ च्या मार्चमध्ये तमिळनाडू शासनाने आपल्या अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात या चिन्हाऐवजी तमिळ 'रू' योजले, तेव्हा हा लिपिभेद राजकीय वादाचा विषय झाला.

मग चिन्ह सदोष ठरते काय? अक्षर म्हणून त्याचे समर्थन केले, तर ते अपुरे आहे. कारण एका लिपीचे अक्षर बहुलिपिक राष्ट्राचे प्रतिनिधित्व निर्विवादपणे करू शकत नाही. तथापि पौंडाचे चिन्ह लॅटिन 'लिब्रा' या शब्दाच्या आद्याक्षरापासून आले, हे ते लिहिणाऱ्या बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते. वापराने अक्षराचा संकेत होतो आणि व्युत्पत्ती मागे पडते. रुपयाच्या चिन्हाचीही हीच कसोटी आहे. कोलकात्याच्या दुकानदाराने किंमत लिहिताना 'र' न वाचता 'टाका' वाचावे, आणि तरीही त्यास काही खटकू नये, इतके ते रूढ झाले म्हणजे ते सिद्ध झाले. बोधचिन्हाच्या मूलतत्त्वांत या कसोटीस स्थान नसेल, तर ती तत्त्वे रेखाटनाची ठरतील, संकेताची नव्हेत.