'विवाहसंस्थेचा इतिहास' आणि पाटदाम

कै. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांच्या 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' या ग्रंथाचें धाडस निर्विवाद आहे. विवाह अनादि नसून काळपरत्वें बदलत आला, हें त्यांनीं निर्भयपणें मांडलें. परंतु महाभारतांतील श्वेतकेतूच्या आख्यानावर व शब्दांच्या व्युत्पत्तींवर त्यांनीं घातलेला भार तीं साधनें पेलूं शकत नाहींत. अस्सल कागदाचा आग्रह ज्यांनीं आम्हांस शिकविला, त्यांच्याच बाबतींत हें म्हणावें लागावें, याचें नवल वाटतें!

मराठी अमदानींतील करांत 'पाटदाम' येतो. विधवेच्या पुनर्विवाहावरील ही पट्टी. लग्नावरही पट्टी असे, नाहीं असें नाहीं. परंतु विधुरानें कुमारिकेशीं पुन्हा संसार मांडला तरी तें लग्नच. विधवेचा मात्र पाट, आणि त्याचा दाम निराळा. स्त्रीपुरुषांतील विषमतेस याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? १८५६ च्या कायद्यापूर्वीं विधवाविवाह नव्हताच, ही पांढरपेशी समजूतही हा शब्द खोडून काढतो. राजवाड्यांनीं सोडलेला धागा येथून उचलतां येईल. त्यासाठीं संग्राहकांनीं सनदांइतक्याच आस्थेनें काडीमोडीचे व पाटाचे कागद जपावे. 'किरकोळ' म्हणून बांधलेले रुमाल आधीं सोडावे.