३९ डॉलर ६० सेंट

फ्रँक काप्राच्या 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) या चित्रपटावर लिहिणारे बहुतेक जण दोरीवर टाकलेल्या ब्लँकेटपाशी थांबतात. धनाढ्य बापाची पळून आलेली मुलगी एली, नोकरी गेलेला बातमीदार पीटर, एकच खोली आणि मध्ये ब्लँकेटची भिंत. मीही वर्षानुवर्षे तिथेच थांबलो. गरिबाने श्रीमंत पोरीला शहाणे करण्याची मंदीच्या काळातली गोडगोड गोष्ट, असा शेरा मारून मोकळा झालो होतो. 'चोरी चोरी'ने (१९५६) ती आपल्याकडे आणली, एवढीच माझ्या वहीतली पुढची नोंद.

ती नोंद चुकली होती. यंदा पैशाचा उल्लेख आला की टिपायचा, असे ठरवून चित्रपट पुन्हा पाहिला. (असले कारकुनी उद्योग विद्यापीठाबाहेरच्या माणसालाच सुचतात.) एली बसमध्ये चॉकलेट मागवते, पीटर ते परत पाठवतो आणि तिचे उरलेले पैसे मोजतो. पुढे एका मुलाची आई बसमध्ये भुकेने बेशुद्ध पडते, तेव्हा पीटरच्या हातची नोट एली त्या मुलाला देऊन टाकते. हिशेब पाळणारा तो आणि हिशेब न कळणारी ती. जोडी विजोड आहे ती इथे, स्वभावात नव्हे.

मुलीच्या शोधासाठी बापाने १०,००० डॉलरचे बक्षीस लावलेले असते. पीटर बापाकडे जातो तो बिल घेऊन: रोख खर्च ८.६०, ओव्हरकोट १५, सूटकेस ७.५०, हॅट ४, तीन शर्ट ४.५०. एकूण ३९.६०. बक्षीस त्याला नको असते. प्रेमाची कबुली बापाला त्याच्याकडून अक्षरशः ओरबाडून काढावी लागते. बिल मात्र त्याने स्वतःहून मांडलेले असते. पटकथाकार रॉबर्ट रिस्किनचे मोठेपण मला या पाच आकड्यांत दिसते. अंगावरचे कपडे विकून पेट्रोल भरणारा माणूस १९३४च्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नव्हता.

एक गोष्ट मात्र आजही खटकते. नवऱ्याला बाजूला करायला शेवटी बापाचाच पैसा लागतो.

तरीही तो प्रसंग पुन्हा पाहावा. एलीची समजूत अशी की पीटर बक्षिसासाठी आला. लग्नमंडपाकडे चालताना बाप तिच्या कानात तो आकडा सांगतो. अजून काही पावले ती तशीच चालते. मग वधूवेशातच पळत सुटते.