पर्यावरणीय मानव्यविद्या

मानव आणि त्याच्या सभोवतालची सृष्टी यांच्या परस्परसंबंधांचा इतिहास, साहित्य, धर्मेतिहास, मानवशास्त्र, तत्त्वज्ञान इ. विद्याशाखांच्या एकत्रित साहाय्याने केला जाणारा अभ्यास. पाऊस, माती, नद्या व वने यांचे मोजमाप निसर्गविज्ञाने करतात. परंतु पाण्याला पवित्र कोण मानतो, त्यावर हक्क कोणाचा, दुष्काळाची स्मृती समाज कशी जपतो, हे प्रश्न मोजमापाने सुटत नाहीत. ते या अभ्यासक्षेत्रात येतात. ही संज्ञा एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी विशेषतः ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांत रूढ झाली व २०१२ मध्ये त्याच नावाचे नियतकालिक निघाले. हवामानबदलामुळे मानवी इतिहास व निसर्गेतिहास यांतील जुना भेद टिकत नाही, असे प्रतिपादन इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी २००९ मध्ये केले आणि या विचाराला व्यापक अधिष्ठान लाभले. महाराष्ट्रात मात्र ही संज्ञा येण्याच्या सु. अर्धशतक आधीपासून या प्रकारचे संशोधन होत आले आहे.

मराठी परंपरा : दुर्गा भागवत यांच्या ऋतुचक्र (१९५६) या ग्रंथात बारा महिन्यांतील सृष्टीचे प्रत्यक्ष निरीक्षण, संस्कृत साहित्य व लोकपरंपरा एकमेकींत मिसळल्या आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मिथ अँड रिॲलिटी (१९६२) या ग्रंथात मातृदेवतांची ठाणी, पशुपालकांच्या वाटा आणि सूक्ष्मास्त्रांचे अवशेष यांची सांगड घालून देवतेचे स्थान हेच ऐतिहासिक साधन ठरविले. ग्युंटर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावरील जर्मन ग्रंथात (१९७६, इंग्रजी भाषांतर १९८९) धनगरांच्या भटकंतीतून या दैवतांचे स्वरूप उलगडले. त्याच वर्षी माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांवरील लेखात धार्मिक निर्बंधांमुळे वनस्पतिसृष्टीचे रक्षण कसे झाले, हे दाखविले. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी लज्जागौरी (१९७८) या ग्रंथात रेणुका, यल्लमा, सांतेरी या देवतांच्या मुळाशी भूमीची उपासना असून वारूळ हे तिचे प्रतीक होय, असा सिद्धांत मांडला. ॲन फेल्डहाउस यांच्या वॉटर अँड वूमनहुड (१९९५) या ग्रंथात महाराष्ट्रातील नद्यांच्या स्त्रीरूपाचा विचार आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या.

मूल्यमापन : या परंपरेचे मोठे यश म्हणजे तिने देव, सण, ओवी व पायवाट यांना भूगोलाची साधने म्हणून मान्यता मिळवून दिली. ग्रंथालयातील पोथीइतकेच महत्त्व शेताच्या बांधावरील शेंदूर लावलेल्या दगडाला आले. तिच्या मर्यादा दोन आहेत. पहिली मर्यादा प्रदेशाची होय. तिचे पुष्कळसे क्षेत्रकार्य सह्याद्री, पुणे-सातारा परिसर व धनगरांचे माळ यांवर केंद्रित झाले. काळ्या जमिनीचा कोरडवाहू मराठवाडा तुलनेने दूर राहिला. याचे एक कारण साधनांचे आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील कारभार आधी फार्सीत व १८८० नंतरच्या दशकांत उर्दूत चाले. मुंबई इलाख्यातील इंग्रजी व मराठी दप्तरावर वाढलेल्या संशोधनाला हे दप्तर सहजसाध्य नव्हते.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. देवतेचे मूळ शोधण्यात हे संशोधन जितके रमते, तितके त्याच भूमीवरील आजच्या सत्तासंबंधांचा शोध घेण्यात रमत नाही. गाडगीळ व कैलास मल्होत्रा यांनी १९८३ मध्ये जातिव्यवस्थेचे परिस्थितिवैज्ञानिक विवेचन केले. वेगवेगळ्या जातींनी वेगवेगळी संसाधने वापरल्यामुळे स्पर्धा टळली, हे त्यातील निरीक्षण मोलाचे आहे. तथापि ज्यांच्या वाट्याला पाणवठाच आला नाही, त्यांच्या दृष्टीने ही वाटणी म्हणजे बहिष्कार होता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह (१९२७) हा या अर्थाने पर्यावरणाच्या इतिहासातीलही टप्पा आहे. उदगीर परिसरातील प्र. ई. सोनकांबळे यांचे आठवणींचे पक्षी (१९७९) हे आत्मकथन भूक व जात यांच्या चष्म्यातून तोच भूप्रदेश दाखविते. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेत भाव न मिळालेले टोमॅटो शेतकरी पायांखाली तुडवितो. शेत आणि बाजार यांचा हा संबंध ललित साहित्याने संशोधनाच्या आधी ओळखला.

लातूर परिसराचे उदाहरण : या दोन्ही मर्यादा रेणापूर (जि. लातूर) येथे स्पष्ट होतात. हे गाव मांजरा नदीच्या रेणा या उपनदीच्या खोऱ्यात असून तेथे रेणुकादेवीचे मंदिर आहे. गाव, नदी व देवी यांच्या नावांतील साम्य लक्ष वेधून घेते. ‘रेणु’ म्हणजे धूलिकण. त्यामुळे ढेरे यांचा भूमिदेवतेचा सिद्धांत येथे चपखल वाटतो. परंतु रेणुकेची प्रचलित कथा पाण्याचीही आहे : पातिव्रत्याच्या बळावर ती वाळूचा कच्चा घडा करून नदीचे पाणी आणीत असे आणि मन विचलित होताच ती शक्ती गेली. पाणी आणण्याचे काम व ते न आणता आल्याचा दोष, दोन्ही स्त्रीवर येतात. माती व सुफलता यांवर भर देणाऱ्या अर्थनिर्णयनात कथेची ही बाजू मागे पडते.

मार्गशीर्ष अमावास्येला या भागात येळवस (वेळा अमावास्या) साजरी होते. सीमेपलीकडील बीदर व कलबुर्गी भागांतही ती पाळली जाते. शेतात कडब्याची कोप उभारतात, पांडव म्हणून पाच दगड मांडतात आणि लक्ष्मीची पूजा करतात. भज्जी, उंडे व आंबील यांचे जेवण आल्यागेल्यालाही वाढले जाते. सणाचा असा तपशील कोणत्याही लोकसंस्कृतीच्या ग्रंथात शोभेल. मात्र कोपेला कडबा लागतो, आंबिलीला ज्वारीचे पीठ लागते आणि खरीप ज्वारीची जागा येथे बव्हंशी सोयाबीनने घेतली आहे. १९८० नंतरच्या दशकांत मांजरा खोऱ्यात साखर कारखाने व त्यांच्यासोबत ऊस वाढला. रेणा नदीवरही मध्यम प्रकल्पाचे धरण झाले. पुढे मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी दहा वाघिणींतून सु. पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. या घटनेस केवळ अवर्षण कारणीभूत मानणे अपुरे ठरते. कोणत्या पिकाला व कोणत्या वस्तीला पाणी आधी द्यावयाचे, या निर्णयांचाही तीत वाटा आहे. अशा निर्णयांमागे प्रतिष्ठा, जात, बाजारभाव व समृद्धीच्या कल्पना असतात आणि त्या समजून घेणे हे मानव्यविद्येचेच काम होय.

म्हणून सणाचे वर्णन व पाणीवाटपाचा हिशेब हे दोन स्वतंत्र विषय मानता येत नाहीत. येळवशीच्या कोपेत बसणारे कुटुंब ज्वारी का सोडते, उसाकडे का वळते आणि तरीही आंबील का करते, हे एकाच प्रश्नाचे भाग आहेत. मराठी संशोधकांनी देवतेपासून भूमीपर्यंत जाणारी वाट दाखविली. तीच वाट विहीर, कालवा व बाजार यांपर्यंत नेल्याशिवाय या अभ्यासक्षेत्राला पूर्णता येणार नाही.